माजघरातला समुद्र

‘वाशिमला? तेही मे महिन्यात?’

ऑफिसमध्ये ज्याला ज्याला सांगितलं त्याने हाच चेहरा केला. लोक मेमध्ये मनालीला जातात, फार तर कोकणात आंबे खायला जातात. वाशिमला कोण जातं? बॉसने रजा मंजूर करताना हळूच विचारलं, ‘घरी सगळं ठीक ना?’ ठीकच होतं. फक्त माझा चुलतभाऊ आठ दिवसांसाठी मेव्हणीच्या लग्नाला इंदूरला चालला होता, आणि त्याच्या घरातल्या एका जिवाला दिवसाआड रात्री साडेनऊ वाजता ड्रॉपरने भरवायला माणूस हवा होता.

तो जीव म्हणजे प्रवाळ. कोरल हो! डिस्कव्हरी चॅनलवर दिसतं ते. जिवंत. आणि ते राहतं वाशिममध्ये, जिथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरवर आहे.

मीच का? तर लहानपणी माझ्याकडे दोन गप्पी माशांची बरणी होती. दादाच्या मते खानदानात एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही.

रात्रीची अमरावती एक्सप्रेस पकडली की पहाटे अकोला. स्टेशनबाहेर चहा आणि कचोरी, मग एसटी. पातूरचा घाट चढला की सागाची जंगलं लागतात. मे महिन्यात सागाला पान नसतं, नुसत्या काड्या उभ्या. मेडशी, मालेगाव करत साधारण दोन-अडीच तासांत वाशिम. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग आहेच. जून २०२५ पासून तो मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण झालाय, आणि मालेगाव किंवा शेलूबाजारला उतरून वाशिम गाठता येतं. पण मला एसटीची खिडकीच बरी वाटते. काळी माती नांगरून उघडी टाकलेली, तिला भेगा पडलेल्या, आणि मध्येच एखादा पळस. हा सगळा दख्खनचा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खणत जा, काळा दगडच लागतो.

वाशिम म्हणजे एकेकाळचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आज ते अकोल्यातून १ जुलै १९९८ला वेगळं झालेल्या जिल्ह्याचं मुख्यालय आहे. बालाजीचं देऊळ बघावं, पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसावं, पाटणी चौकात गर्दीत हरवावं. झालं वाशिम! पण मी ज्यासाठी गेलो होतो ते देवळात नव्हतं, चौकातही नव्हतं. ते आमच्या जुन्या घराच्या माजघरात होतं.

माजघर आठवतंय का कुणाला? ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली खोली. खिडकी नाही, भिंती दोन-दोन फूट जाड, भर दुपारी दिवा लावावा लागतो. आमच्या आजीने तिथे आयुष्यभर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, कारण तिथे ऊन येत नाही. दादाने समुद्र तिथेच ठेवला, कारण तेच! ऊन आलं की शेवाळ माजतं आणि पाणी तापतं. बरण्या सरकवून त्याने तीन फुटांची काचेची पेटी बसवली. दीडशे लिटर खारं पाणी, निळसर दिवे, दोन नारिंगी क्लाउनफिश, एक संन्यासी खेकडा, आणि मागच्या बाजूला, खडकाच्या कपारीखाली, सावलीत, मुठीएवढा केशरी गोळा.

‘हा तुझा पेशंट,’ दादा म्हणाला.

मी वाकून बघितलं. दिवसा तो म्हणजे नुसता खडबडीत दगड. वर तेवीस खळगे, तेवीस बंद तोंडं. पहिला विचार आला तो खरं सांगतो. यासाठी मी रजा टाकली?

रात्री साडेनऊला दादाने दिवे मालवले, वितळलेल्या कोळंबीचं चमचाभर पाणी पेटीत सोडलं आणि म्हणाला, ‘आता वीस मिनिटं गप्प बस.’ बसलो. मग टॉर्चवर लाल पारदर्शक कागद लावून त्याने उजेड टाकला. तेवीसच्या तेवीस तोंडं उघडलेली! प्रत्येकातून पिवळ्या पाकळ्यांसारखे स्पर्शक बाहेर आलेले, हलणारे, शोधणारे. शेवंतीचा गुच्छ पाण्याखाली जेवायला बसलाय असं काहीसं. आजी मागे उभी होती. ती हे रोज बघते, तरी म्हणाली, ‘पाय बापू, कसा उमलते तो!’

याचं नाव सन कोरल. शास्त्रीय नाव ट्युबास्ट्रिया. नावात सूर्य असला तरी त्याला सूर्याचं काही पडलेलं नाही.

इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल, कंटाळू नका. बहुतेक खडक-प्रवाळं पेइंग गेस्ट ठेवतात. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि भाडं म्हणून घरमालकाला देतं. त्यावर मालकाचं बरंचसं पोट भरतं. म्हणून प्रवाळ उथळ, स्वच्छ, लख्ख पाण्यात वाढतं. पाणी फार तापलं की हेच भाडेकरू डोईजड होतात, मालक त्यांना हाकलतो आणि स्वतः पांढरा पडून उपाशी मरतो. त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा केली, त्यात आपलं लक्षद्वीपही होतं.

पण सगळी प्रवाळं उन्हाची शौकीन नसतात. काही कपारींत राहतात, काही गढूळ पाण्यात, काही इतकी खोल की तिथे फक्त निळा प्रकाश उरतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, निळा शेवटपर्यंत पोचतो. ब्लास्टोमुसा, लोबोफिलिया, फंगिया ही मंडळी भाडेकरू ठेवतात, पण कमी उजेडात भागवतात. लेप्टोसेरिस नावाचं एक प्रवाळ फ्रेंच पॉलिनेशियात १७२ मीटर खोलीवर सापडलंय, भाडेकरूसकट! घरात अशी प्रवाळं ठेवणाऱ्यांची जगभर सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे प्रेमापोटी जास्त उजेड देणं. महागडा दिवा आणायचा, फुल ब्राइटनेस लावायचा, आणि चार दिवसांत प्रवाळ फिकट पडलं की अजून वाढवायचा. उलट करायचं असतं. खाली, कडेला, सावलीत ठेवायचं, मंद निळ्या उजेडाने सुरुवात करायची, आणि वाढवायचाच झाला तर आठवड्याआठवड्याने किंचित.

सन कोरलने तर भाडेकरूच ठेवले नाहीत. उजेड असला काय, नसला काय, सारखंच. पण मग खायला कोण घालणार? समुद्रात प्रवाह रात्रभर तरंगणारे बारीक जीव आणून देतो. पेटीत कोण आणणार? थोडक्यात, तो एकटा राहणारा बॅचलर आहे. स्वयंपाक येत नाही, डबा आला नाही तर उपाशी. कुठेतरी मला तो जवळचा वाटायला लागला...

दादाने लिहून ठेवलेलं रजिस्टर चार पानी होतं. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अक्षर सुंदर आणि सूचना कडक. प्रत्येक तोंडाला वेगळा घास द्यायचा. तेवीस तोंडं, तेवीस घास. एकाला दिलं म्हणजे शेजाऱ्याला पोचलं असं नाही. भरवताना दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो घुमटासारखा प्रवाळावर ठेवायचा आणि बाटलीच्या तोंडातून ड्रॉपर घालायचा, नाहीतर संन्यासी खेकडा येऊन तोंडातला घास ओढून नेतो. (नेतो! पहिल्याच रात्री नेला.) उरलंसुरलं शोषून काढायचं, कारण कुजलं की पाणी बिघडतं. तापमान २४ ते २६. क्षारता हजारी ३५. आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचं. पान तीनवर लाल शाईने लिहिलं होतं, ‘उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालणे. मिठाचं नाही!!! मीठ उडत नाही.’ तीन उद्गारचिन्हं. आधी कधीतरी कुणीतरी चुकलं असणार. वहिनींकडे बघितलं तर त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, वाशिमच्या ४३ डिग्रीत २६चं पाणी कसं राहतं? मलाही हाच प्रश्न होता. मला वाटलं मोठं चिलर मशीन असेल. तर पेटीवर कॉम्प्युटरचे चार छोटे पंखे! बस. आणि ही गंमत फक्त विदर्भात जमते. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच. इथली हवा उन्हाळ्यात कोरडीठाक, पंखा मारला की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. रोज चार-पाच लिटर पाणी उडायचं, पण मागे राहिलेलं गार. मुंबईत हेच पंखे लावा, काही होणार नाही. आपली हवा आधीच ओलीचिंब. म्हणजे समुद्राकाठी समुद्र थंड ठेवायला मशीन लागतं आणि वाशिममध्ये पंख्यावर भागतं.

अर्थात, फुकट काही नसतं. आरओचं एक बादली शुद्ध पाणी करायला तीन बादल्या वाया जातात, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात नळ पाच-सहा दिवसांनी येतो. काकूचा यावरचा मुद्दा बिनतोड. ‘लोकायले प्यायले पाणी नाही, अन् ह्याच्या मासोळ्यायले रोज पायजे.’ दादाने यावर वाद घातलेला नाही. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी त्याने सरळ मोरीतल्या टाकीत सोडली. त्या पाण्याने कपडे, भांडी, फरशी, सगळं होतं, आणि थेंब गटारात जात नाही हे तो काकूला टाकीवर खुणा करून दाखवतो. काकूचं समाधान झालेलं नाही. माझंही पूर्ण झालं नाही, खरं सांगायचं तर. चौकात टँकरमागे हंड्यांची रांग बघून घरी यायचं आणि समुद्रात चार लिटर ओतायचे, हे पहिले दोन दिवस हाताला जड गेलं.

आजीला मात्र या प्रकारातलं सगळ्यात जास्त कळतं. प्रवाळाचा सांगाडा चुनखडीचा. तो बांधायला पाण्यात कॅल्शियम हवं, म्हणून दादा उडालेल्या पाण्याच्या भरपाईत अधूनमधून थोडी चुन्याची निवळी घालतो. जगभरचे हौशी लोक हेच करतात, जर्मन नावाने. आजीने बरणीतली पांढरी भुकटी बघितली आणि म्हणाली, ‘हा तं पानाचा चुना!’ तोच. फक्त दादा प्रयोगशाळेतला शुद्ध आणतो. आजीच्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे, मंगळासाठी घातलेली. पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रातलं लाल प्रवाळ, आपल्या सन कोरलचं दूरचं नातेवाईक, तेही अंधाऱ्या कपारींत राहणारं. भारतातल्या लोकांना त्याचं किती वेड आहे हे रोमच्या प्लिनीने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आजीला मी ते सांगितलं. ती म्हणाली, ‘मंग? आपल्याले आधीपासून कळते.’

आता मुख्य गोष्ट. दादा निघायच्या आदल्या रात्री जेवताना (आमरस आणि सरगुंडे, दुसरं काही नाही) मी सहज विचारलं, ‘दादा, हे आणलंस कुठून? मुंबईत मिळेल का मला?’

तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, ‘आणलं नाही. आलं.’

तीन वर्षांपूर्वी त्याने एका मोठ्या शहरातल्या दुकानातून पेटीसाठी खडक मागवला. बिलावर ‘शोभेचा दगड’. त्या दगडाच्या खालच्या बाजूला नखाएवढा केशरी ठिपका होता. दादाला वाटलं स्पंज असेल. वर्षभरात त्याची तोंडं मोजता यायला लागली. मग दादाने वाचायला सुरुवात केली आणि त्याची झोप उडाली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली सगळी खडक-प्रवाळं पहिल्या अनुसूचीत घातली गेली. म्हणजे ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. काढणं, विकणं, घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं. असा जीव ताब्यात आला तर अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं असतं. दादाला हे कळलं तेव्हा अठ्ठेचाळीस तासांना दोन वर्षं होऊन गेली होती.

‘मुंबईत दुकानदार इम्पोर्टेड म्हणून सांगतात,’ तो म्हणाला. ‘कागद मागून बघ.’

‘मग समुद्रात सोडून देऊ? मी जाताना नेतो. हाजी अलीला सोडतो.’

‘अजिबात नको!’ दादा जवळजवळ ओरडलाच. याच जातीचं प्रवाळ १९८०च्या दशकात तेलाच्या फलाटांना चिकटून ब्राझीलला पोचलं आणि तिथल्या स्थानिक प्रवाळांची जागा बळकावत किनाराभर पसरलं. आपल्या पेटीतलं नेमकं कुठल्या समुद्रातलं, त्याच्याबरोबर कुठला रोग, कुणाला माहीत? सोडणं म्हणजे उपकार नव्हे.

‘फेकून?’

आजी म्हणाली, ‘उमललेल्याले कोण फेकते?’

रजिस्टरच्या मागच्या पानावर एक अर्ज होता. ‘विषय : घरातील मत्स्यपेटीत आढळलेल्या प्रवाळाबाबत’. खाली तीनदा लिहून तीनदा खोडलेलं. सरकारी नोकरी, शाळेतली मुलं, गावात नाव. पाठवायची हिंमत होत नव्हती आणि जाळायचीही. दोन वर्षं तो दिवसाआड रात्री या गुन्ह्याला ड्रॉपरने घास भरवत होता.

मग त्याने विषय बदलला. ‘तुझं ऑफिस वरळीला ना? खिडकीतून काय दिसतं?’

‘कोस्टल रोड.’

‘त्याच्याखाली काय होतं, माहितीये?’

मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का? २०२०मध्ये कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं सापडली. खरीखुरी, खडक-प्रवाळं, त्या गढूळ, गाळाने भरलेल्या पाण्यात! रस्त्याच्या वाटेत येणाऱ्या अठरा वसाहती त्या वर्षाच्या शेवटी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उचलून दुसरीकडे बसवल्या, काही थेट कुलाब्याला. त्यासाठी वन खात्याची रीतसर परवानगी लागली. पहिली अनुसूची ना! सगळ्या मिळून अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागा होती त्यांची. मी मार्च २०२४पासून त्या रस्त्याने ऑफिसला जातो. आणि हे मला सांगणारा माणूस वाशिमच्या माजघरात हात धुवायला उठत होता.

दादा गेला. पहिले तीन दिवस मस्त. दिवसा आंबे आणि झोप, संध्याकाळी पद्मतीर्थ, रात्री तेवीस घास. मला एकेक तोंड ओळखू यायला लागलं. डावीकडचं सातवं हावरट. मधलं एक कायम उशिरा उघडणारं, अगदी आमच्या टीममधल्या एकासारखं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चारला आभाळ भरून आलं. वावटळ, मग टपोऱ्या गारा, मग धो धो. अवकाळी. सात वाजता लाइन गेली. (आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते.) इन्व्हर्टर सुरू झाला. रजिस्टर, पान चार : ‘लाइन गेल्यास फक्त पाणी फिरवणारा पंप चालू ठेवणे. दिवे बंद. पंखे बंद.’ पंप फिरला तर पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो, उजेडावाचून प्रवाळाचं काही अडत नाही. वाटलं, तासाभरात येईल.

रात्री एकला इन्व्हर्टरने टी-टी केलं आणि मेला. बाहेर झाड तारांवर पडलेलं, कुणी फोन उचलत नव्हतं. पेटीत भयाण शांतता. तापमान २७.८. तोपर्यंत मला वाटत होतं की पाऊस पडला म्हणजे थंड होईल. झालं उलटंच! हवा गार झाली, पण ओली झाली, आणि दोन फुटी भिंती दिवसभराची उष्णता सोडत बसल्या. पंखे चालले असते तरी उपयोग नव्हता, पाणी उडतच नव्हतं. एका रात्रीपुरती वाशिमची मुंबई झाली होती.

मी मग घेऊन ओतत बसलो. पेटीतलं पाणी मगात घ्यायचं, फूटभर वरून परत ओतायचं, बुडबुडे व्हायला हवेत. शंभर वेळा. परत शंभर. क्लाउनफिश वर येऊन तोंड उघडझाप करत होते. आजी उठली, ताडाचा पंखा घेऊन स्टुलावर बसली आणि पाण्यावर वारा घालायला लागली, जसा पूर्वी आम्हा पोरांना घालायची. काकू काही न बोलता रेनकोट घालून बाहेर पडली. अर्ध्या तासाने आली तेव्हा हातात कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याचा बर्फ होता, पोत्यात गुंडाळलेला. त्याला रात्री दीडला उठवून आणलेला! बर्फ फोडून झाकणाच्या बाटल्यांत भरला आणि बाटल्या पेटीत तरंगत सोडल्या. थेट बर्फ टाकला असता तर गोडं पाणी मिसळून क्षारता पडली असती. हे मला काकूनेच सांगितलं. सहा दिवसांच्या नळावरून भांडणारी काकू पान चार वाचून पाठ करून बसली होती.

लाइन पहाटे पाच चाळीसला आली. तापमान २८.९वर जाऊन २७.४ला उतरलेलं. एक क्लाउनफिश सकाळी तळाशी आडवा होता. तो गेला.

प्रवाळ बंद. त्या रात्री कोळंबीचं पाणी सोडलं, वीस मिनिटं थांबलो, लाल टॉर्च टाकला. तेवीस खळगे, एकही उघडलं नाही. दुसऱ्या रात्री तेच. दादाला फोनवर खरं सांगितलं, सगळं, माशासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘भरवायचा आग्रह करू नको. पाणी बदल. थांब.’ पंधरा लिटर पाणी बदललं. आरओची टाकी भरायला चार तास. काकू शेजारी बसून गवार मोडत होती, काही बोलली नाही.

तिसऱ्या रात्री डावीकडचं सातवं उघडलं. फक्त ते एकच. मी आजीला हाक मारली, ती काकूला घेऊन आली, आणि आम्ही तिघं अंधारात लाल टॉर्चच्या उजेडात एका तोंडाला कोळंबीचा मोहरीएवढा तुकडा देताना बघत उभे राहिलो. घास आत गेला. पाच मिनिटांनी शेजारचं उघडलं.

दादा परत आला तेव्हा एकोणीस तोंडं जेवत होती. चार अजून बंद. त्याने मेलेल्या माशाबद्दल एक शब्दही विचारला नाही, थेट रजिस्टर काढलं, मागचं पान उघडलं आणि मला म्हणाला, ‘तुझं ते ऑफिशियल मराठी चांगलं असतं ना? हे टाइप कर.’ केलं. खडक कधी घेतला, कुठून, ठिपका कधी दिसला, तोंडं किती, पेटी किती लिटरची. ‘माझ्याकडून कळवण्यास विलंब झाला आहे’ हे वाक्य त्याने स्वतः सांगितलं आणि दोनदा वाचून घेतलं. खाली आजीने आपण होऊन सुचवलं की रोज काय खातो तेही लिहा, नाहीतर नेणाऱ्याला कसं कळणार? तेही लिहिलं. सोमवारी दोघं जाऊन देऊन आलो. ज्यांनी अर्ज घेतला त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, दादाकडे बघितलं, परत वाचला आणि पोच दिली. वरिष्ठांना दाखवतो, बघायला माणूस येईल, तोवर जिवंत ठेवा, असं तोंडी सांगितलं. परतीच्या वाटेवर दादाने पाटणी चौकात स्कूटर थांबवून दोन ग्लास उसाचा रस घेतला. कुठल्या रसवंतीवर, हे सांगायला नको.

मी त्याच रात्री अकोल्याहून गाडी पकडली.

मुंबईत गेल्यावर पौर्णिमा बघितली. पौर्णिमेच्या आसपास समुद्र पहाटे सहाच्या सुमाराला सगळ्यात मागे हटतो. २०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी अशा ओहोटीला लोकांना किनारे दाखवतात हे मला दादानेच सांगितलं होतं. त्यांनी काढलेले फोटो फोनमध्ये घेतले, ऑफिसचे नाही ते जुने बूट घातले आणि हाजी अलीच्या खडकांवर उतरलो. निसरडे खडक, गाळ, गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी चप्पल. वर कोस्टल रोडवर गाड्या. पाऊण तास काही दिसलं नाही. मग एका डबक्यात, खडकाच्या उताराला, तळहाताएवढा करडा-तपकिरी पापुद्रा. जवळ वाकलो तर त्यावर बारीक बारीक चांदण्यांसारखे खळगे, शेजारी शेजारी, शिस्तीत. फॉल्स पिलो कोरल. वरून गाळाचा थर, बाजूला बिस्किटाचं वेष्टन, आणि तरीही जिवंत.

फोटो काढून दादाला पाठवला. सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती, तरी उत्तर लगेच आलं.

‘हात लावू नको. बाविसावं उघडलं.’